जिथे बोट, तिथेच प्रोब

मान दुखते म्हटलं की ऐकणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या मानेच्या मागच्या बाजूला जातो. उशी बदला, मोबाइल कमी बघा, शेक घ्या, हे सल्लेही सगळे मागच्याच बाजूचे. माझं दुखणं पुढे होतं. डाव्या जबड्याच्या कोपऱ्याखाली, साधारण स्वरयंत्राच्या वरच्या काठाच्या पातळीला, मानेवरून तिरका उतरणारा जो जाड स्नायू असतो त्याच्या पुढच्या कडेला. तिथे एक बोट ठेवलं की कळ थेट कानापर्यंत जायची. बोट जरासं इकडेतिकडे सरकवलं की दुखणं जवळजवळ नाहीच.

शेवटी निदान झालं ते टिपिक सिंड्रोम नावाच्या एका दुर्मीळ दाहाचं (म्हणजे सुजेचं, इन्फ्लमेशनचं), आणि ते या एका बोटाच्या जागेमुळेच झालं. मोठमोठ्या तपासण्यांची फाइल जाड होत गेली, पण ती जागा कागदावर कुणी लिहिली नव्हती तोवर एकाही तपासणीला माझं दुखणं दिसलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात झटक्याने झाली नव्हती. सकाळी दाढ दुखेल की काय असं वाटावं इतपत ठुसठुस होती, संध्याकाळपर्यंत तिचा ठणका झाला. ठणका नाडीबरोबर यायचा, हे मला पहिल्या रात्रीच जाणवलं. गिळताना, जांभई देताना आणि मान उजवीकडे वळवताना वाढायचा. ताप नव्हता, घसा बसला नव्हता, सर्दी नव्हती. पडझड, झटका, जड उचलणं, गाडीचा धक्का यातलं काहीच घडलं नव्हतं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी विचारलेले प्रश्न मला तेव्हा मानेशी संबंध नसलेले वाटले. दुखणं एका क्षणात सुरू झालं की वाढत गेलं? डोळ्यांसमोर अंधारी आली का? बोलताना शब्द अडखळला का, हाताची पकड सुटली का? कानात नाडीचा आवाज येतो का? मग त्यांनी खोलीतला दिवा कमी केला आणि माझ्या दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, पापण्या एका रेषेत आहेत का ते बघितलं. दिवा कमी का करायचा ते त्यांनी सांगितलं. मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या थराला चीर पडली, तर धमनीला लगटून जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंना इजा होऊ शकते. मग त्या बाजूची पापणी किंचित खाली येते आणि बाहुली लहान राहते. उजेडात दोन्ही बाहुल्या लहानच असतात, त्यामुळे फरक कळत नाही. अंधारात चांगली बाहुली मोठी होते आणि दुसरी मागे राहते. माझ्या दोन्ही सारख्या होत्या. तरी त्यांनी बजावलं, "यातलं काहीही दिसलं, एका बाजूला बधिरपणा आला, बोलणं अडखळलं, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं." आणि मान चोळून घ्यायची नाही, कुणाकडून मान मोडून घ्यायची नाही. घरात मालिशचा आग्रह करणारे होते, त्यांना मी हे शब्दशः ऐकवलं.

पुढचे काही दिवस दात, घसा आणि मणके यांत गेले. दातांच्या डॉक्टरांनी दाढांवर टकटक करून पाहिली, जबड्याचा सांधा तपासला, जिभेखालून लाळग्रंथी दाबून पाहिली. काही नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून दुर्बीण घालून घसा आणि स्वरयंत्र पाहिलं. टॉन्सिल साफ, पू नाही, मानेत लागण्यासारखी गाठ नाही. गाठींबद्दल त्यांनी बराच वेळ घालवला, कारण मानेच्या एका बाजूला दुखरी गाठ आणि त्यामागे क्षयरोग हे आपल्याकडचे डॉक्टर कधीच विसरत नाहीत. जपानमधल्या डॉक्टरांनी 1972 मध्ये वर्णन केलेला किकुची हा लसिकाग्रंथींचा दाहही त्यांनी बोलता बोलता सांगितला. तो बहुधा तरुण स्त्रियांत, मानेच्या मागच्या त्रिकोणातल्या गाठींत होतो, ताप येतो, आणि गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय तो क्षयापासून किंवा लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगापासून वेगळा ओळखता येत नाही. माझ्या मानेत तुकडा घ्यायला गाठच नव्हती.

मग मानेचा एक्स-रे निघाला आणि त्यात पाचव्या-सहाव्या मणक्यांमध्ये झीज दिसली. इथे माझा तपास थांबू शकला असता. एका रुग्णालयाच्या ओपीडीत मला त्या एक्स-रेवर पट्टा, स्नायू सैल करणारी गोळी आणि व्यायामाचा कागद मिळाला. झीज खोटी नव्हती. पण चाळिशी उलटलेल्या, मान अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एक्स-रे काढले तरी अशी झीज भरपूर सापडते. मणक्याचं दुखणं मागून येतं, खांद्यात किंवा हातात उतरतं, मुंग्या आणतं. माझं बोट तर मणक्यापासून दूर, पुढच्या बाजूला होतं. एक्स-रेत जे दिसतं तेच दुखण्याचं कारण, असं मानणं रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही सोयीचं असतं, आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, कारण पट्टा घालून घरी पाठवलेल्या माझ्यासारख्या किती जणांचं दुखणं आपसूक थांबलं असेल आणि श्रेय पट्ट्याला गेलं असेल.

रक्ततपासणीने गोंधळ वाढवला. पांढऱ्या पेशी ठीक, शरीरातला दाह दाखवणारे ईएसआर आणि सीआरपी हे आकडेही ठीक. "म्हणजे सूज नाही," असं मला सांगण्यात आलं. पुढे ज्या संधिवाततज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले त्यांनी हे वाक्य खोडून काढलं. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं. शरीरात कुठेतरी पुरेसा मोठा दाह असेल आणि तिथले रासायनिक निरोप रक्तातून यकृतापर्यंत पोचले, तर ते वाढतं. बोटाच्या पेराएवढ्या जागेतला दाह हे आकडे हलवेलच असं नाही. सीआरपी वाढलेला असला तर तो खूप काही सांगतो. नसला, तर मोठे आजार मागे पडतात, एवढंच.

याच काळात माझ्या एका सहकारी शिक्षिकेने ठामपणे सांगितलं, "अगं, हे थायरॉइडचं आहे, मला अगदी असंच झालं होतं." तिला झालेला आजार सबअॅक्यूट थायरॉइडायटिस, थायरॉइड ग्रंथीचा दाह. बहुतेकदा एखाद्या विषाणू संसर्गानंतर तो येतो. तिचं दुखणंही एका बाजूने सुरू झालं, कानात आणि जबड्यात गेलं, ताप आला, आणि काही दिवसांनी ते मान ओलांडून दुसऱ्या बाजूला सरकलं. बाजू बदलणं ही त्या आजाराची मोठी खूण आहे. तिचा ईएसआर खूप वाढला होता, थायरॉइडला चालना देणारा टीएसएच हा हार्मोन जवळजवळ शून्यावर आला होता, छातीत धडधड, हातांना कंप. दाहाने ग्रंथीतला साठलेला हार्मोन एकदम रक्तात सुटतो म्हणून सुरुवातीला थायरॉइड वाढल्यासारखी लक्षणं येतात. साठा संपला की काही काळ उलट, हार्मोन कमी पडतो. मग बहुतेकांची ग्रंथी पूर्वपदावर येते. तिच्या आग्रहामुळे मी टीएसएच तपासून घेतला, आणि ते बरं केलं, कारण मानेच्या पुढच्या दुखऱ्या दाहांमध्ये हा तुलनेने पुष्कळ आढळणारा आजार आहे. माझा टीएसएच नॉर्मल आला. शिवाय माझी दुखरी जागा थायरॉइडच्या वर होती आणि ती कधीही हलली नाही.

पहिला कॅरोटिड डॉप्लर, म्हणजे मानेतल्या धमन्यांमधला रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी, त्यानंतरचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मानदुखी, कॅरोटिड डॉप्लर'. अंधाऱ्या खोलीत प्रोब, म्हणजे यंत्राचं अंगावर टेकवायचं टोक, डाव्या-उजव्या धमनीवरून फिरला, आकडे टिपले गेले, आणि रिपोर्ट आला: दोन्ही बाजूंना प्रवाह सामान्य, लक्षणीय अरुंदपणा नाही. प्रत्येक अक्षर खरं होतं. पक्षाघाताच्या भीतीने जे डॉप्लर होतात त्यांत विचारायचा प्रश्न एकच असतो, नळी किती टक्के बंद झाली आहे. त्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं. कुठे दुखतं, हे तिथे कुणी विचारलं नाही आणि चिठ्ठीवरही ते नव्हतं.

नंतर ज्या फिजिशियनकडे गेले त्यांनी आधी फाइल बाजूला ठेवली. "एका बोटाने दाखवा," म्हणाले. मी दाखवलं. त्यांनी त्याच जागी स्वतःचं बोट अगदी हलकं ठेवलं आणि विचारलं, "इथे काय लागतंय तुम्हाला?" बोटाखाली नाडी उडत होती. "तुमचं बोट कॅरोटिड धमनी जिथे दुभागते, बरोबर तिथे आहे." सामाईक कॅरोटिड स्वरयंत्राच्या वरच्या काठाच्या पातळीला दोन शाखांत फुटते, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. उजव्या बाजूला तेवढाच दाब दिला तर मला काहीच झालं नाही. (दोन्ही बाजू त्यांनी एकाच वेळी दाबल्या नाहीत, आणि हे घरी करून बघायचं नाही असंही सांगितलं, त्या जागी रक्तदाबाची जाणीव घेणारी मज्जातंतूंची टोकं असतात आणि जोरात दाबलं तर नाडी मंदावून चक्कर येऊ शकते.) तिथल्या संवेदना ज्या मज्जातंतूंतून जातात त्यांच्याच फांद्या घशाला आणि कानाला जातात, म्हणून कानात कळ.

त्यांनी मग जे सांगितलं त्याने माझा सगळा तपास उलटा लावला गेला. तोपर्यंत आम्ही जास्त शक्य असलेल्या कारणापासून कमी शक्य असलेल्याकडे चाललो होतो. ते म्हणाले, "दुखणं धमनीवर आहे म्हटल्यावर आधी जे जास्त धोक्याचं ते बाहेर काढायचं. शक्यता कमी असली तरी."

धोक्याचं म्हणजे पहिलं, धमनीची चीर, डिसेक्शन. आतल्या थराला चीर पडते, रक्त भिंतीत शिरतं, तिथे गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते; तरुण आणि मध्यम वयात येणाऱ्या पक्षाघाताच्या प्रमुख कारणांपैकी हे एक. सुरुवातीला नुसती मान किंवा डोकं दुखणं एवढंच लक्षण असू शकतं. दुसरं, मानेतल्या मोठ्या शिरेत जंतुसंसर्गाची गुठळी. हिला लमिएर सिंड्रोम म्हणतात, लमिएर यांनी 1936 मध्ये त्याचं वर्णन केलं. घसा दुखतो, मग हुडहुडी भरून ताप येतो, मानेची एक बाजू सुजते, आणि गुठळीचे तुकडे फुप्फुसात जातात. तिसरं, घशामागच्या जागेतला पू. त्याच दिवशी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन धमन्यांची सीटी चित्रं, झाली. त्याआधी क्रिएटिनिन, मूत्रपिंडाचं काम सांगणारा रक्तातला आकडा, पाहिलं, कारण चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून दिलेला हा डाय मूत्रपिंडातून बाहेर जातो.

धमनीत चीर दिसली नाही. शीर मोकळी, पू नाही. त्याच चित्रांत आणखी काही कारणं निकालात निघाली, आणि हे मला फार उपयोगाचं वाटलं. कानामागच्या हाडापासून खाली येणारा सुईसारखा स्टायलॉइड काटा लांब वाढला तर तो गिळताना एका बाजूला टोचतो. ईगल यांनी 1937 मध्ये वर्णन केलेला हा प्रकार. साधारण 30 मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो लांब समजतात. माझा आखूड होता. मानेच्या मणक्यांच्या अगदी पुढच्या बाजूला लाँगस कॉली नावाचा स्नायू असतो. त्याच्या वरच्या टोकाशी, पहिल्या-दुसऱ्या मणक्यासमोर, कॅल्शियमचे कण साठून ते फुटले की अचानक भयंकर मानदुखी, गिळताना त्रास, थोडा ताप असा दाह होतो. घशामागे पाणी दिसतं आणि ते पू समजून कुणी शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं, प्रत्यक्षात साध्या दाहशामक गोळ्यांनी तो आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो. कॅल्शियमचा ठिपका साध्या एक्स-रेत निसटू शकतो, सीटीत स्वच्छ दिसतो. दुसऱ्या मणक्याच्या खुंटाभोवती स्फटिक साठून वयस्कर माणसांची मान एकाएकी जखडते आणि ताप येतो, मेंदुज्वराचा संशय यावा इतका. तो क्राउन्ड डेन्स सिंड्रोमही सीटीतच कळतो. हे सगळे दाह नसल्याचं एका तपासणीत कळलं, कारण या वेळी चिठ्ठीवर पाच ओळी होत्या: डावी बाजू, कॅरोटिडच्या दुभाग्यावर बोटाएवढी दुखरी जागा, किती दिवस, काय शोधायचं, काय वगळायचं.

रिपोर्टच्या शेवटी एक वाक्य होतं. डाव्या कॅरोटिडच्या दुभाग्याभोवतीची चरबी किंचित धूसर दिसते, लक्षणांशी जुळवून पाहावं. फिजिशियननी त्या वाक्याखाली रेघ मारली आणि मला पुन्हा सोनोग्राफीला पाठवलं, या वेळी रेडिओलॉजिस्टशी आधी फोनवर बोलून.

त्या रेडिओलॉजिस्ट बाईंनी जेल लावण्याआधी माझं बोट मागितलं. मी जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी पेनने खूण केली आणि प्रोब तिथेच टेकवला. आधी उभा, मग आडवा. मग उजव्या बाजूची तीच पातळी. मग पुन्हा डावी. स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांनी दाखवलं. उजव्या धमनीची भिंत म्हणजे एक पातळ रेघ. डावीकडे आतली पोकळी तेवढीच मोकळी, रंगीत प्रवाह तसाच भरभरून, पण भिंतीच्या बाहेरच्या बाजूला एक काळसर जाड पट्टा. तोही चारी बाजूंनी नाही, मागे आणि बाहेरच्या बाजूलाच. नळीला बाहेरून एकाच अंगाने ओला कापूस चिकटवावा तसा. प्रोबने अलगद दाब दिला, मी कळवळले, आणि त्या म्हणाल्या, "हेच." नळीच्या आतल्या प्रवाहाचे आकडे बघितले तर हा पट्टा हिशेबातच येत नाही, म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल होता.

त्यांच्याकडून मी टिपिक सिंड्रोम हे नाव पहिल्यांदा ऐकलं. कॅरोटिडभोवती थोड्या काळासाठी येणारा दाह.

या आजाराचा वैद्यकातला प्रवास मी नंतर वाचला आणि मला माझ्या फाइलइतकाच तो गुंतवून गेला. 1927 मध्ये अमेरिकन न्यूरोसर्जन टेंपल फे यांनी कॅरोटिडच्या दुभाग्यावर दाबलं की दुखतं, चेहऱ्यात कळ जाते, असे रुग्ण नोंदवले आणि त्याला कॅरोटिडिनिया म्हटलं. 1988 मध्ये आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने आपल्या वर्गीकरणात त्याला जागा दिली, पण अट अशी की तपासणीत धमनीत काहीही बिघाड सापडता कामा नये. 2004 च्या दुसऱ्या आवृत्तीत ती जागा काढून घेतली गेली, कारण या एका नावाखाली मायग्रेनपासून धमनीच्या चिरेपर्यंत बरंच काही खपून जात होतं. दरम्यान चांगल्या सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये काही रुग्णांच्या धमनीभोवती खरीखुरी सूज दिसत होती. 2017 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने अशा 47 रुग्णांची चित्रं एकत्र अभ्यासली गेली; त्यांचं सरासरी वय 48 होतं. त्यातून चार मुख्य निकष मांडले गेले. कॅरोटिडवर नव्याने सुरू झालेलं तीव्र दुखणं, ते डोक्याकडे जावो न जावो. चित्रात धमनीभोवती एकांगी सूज. चित्रांच्या आधारे बाकीची कारणं वगळलेली असणं. आणि 14 दिवसांच्या आत, आपोआप किंवा दाहशामक औषधाने, आराम पडणं. त्याच निबंधातून टिपिक हे नाव आलं.

चौथा निकष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच या आजाराची अडचण आहे. दुखणं जातं. सूजही ओसरते. तपासणीची तारीख दोन-तीन आठवड्यांनी मिळाली तर दाखवायला फारसं काही उरत नाही, आणि रुग्णाकडे राहतो एक नॉर्मल रिपोर्ट. म्हणून ज्याला असं दुखणं आहे त्याने डॉक्टरांना हे विचारलंच पाहिजे की दुखत असतानाच चित्र घेता येईल का.

माझा एमआरआय लगेच झाला. त्यात चरबीची चमक दाबून टाकणारी चित्रं आधी डायशिवाय घेतली आणि मग डाय देऊन. डायशिवाय कशासाठी, तर चीर पडून भिंतीत रक्त शिरलं असेल तर ते या चित्रांत धमनीच्या कडेला पांढऱ्या कोरीसारखं चमकतं. अगदी बारीक चीर सीटीत निसटली असली तरी इथे पकडली जाण्याची शक्यता असते. माझ्या चित्रात ती कोर नव्हती. डाय दिल्यावर भिंतीच्या बाहेरचा पट्टा उजळला. भिंतीच्या आत रक्त की भिंतीच्या बाहेर दाह, हा सगळा फरक काही मिलिमीटरचा, पण उपचार पूर्ण वेगळे. चिरेला रक्त पातळ ठेवणारी औषधं आणि काटेकोर देखरेख, दाहाला साध्या दाहशामक गोळ्या. रेडिओलॉजिस्ट बाईंनी छातीतल्या महाधमनीची कमान आणि तिच्या शाखाही त्याच वेळी चित्रात घेतल्या. का, ते संधिवाततज्ज्ञांकडे गेल्यावर समजलं.

त्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब दोन्ही हातांवर घेतला. मनगटाच्या, कोपराच्या, पायाच्या नाड्या तपासल्या, स्टेथोस्कोप गळ्याच्या दोन्ही बाजूंना, गळपट्टीच्या हाडावर आणि पोटावर ठेवून ऐकलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "धमनीभोवती दाह दिसला की आधी एवढंच विचारायचं, हा इथेच आहे की सगळीकडे आहे?" ताकायासू आर्टेरायटिस हा महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांचा दाह, जपानी नेत्रतज्ज्ञ मिकिटो ताकायासू यांनी 1908 मध्ये मांडलेला, बहुतांशी तरुण स्त्रियांत होतो आणि त्यातही कॅरोटिड दुखरी होऊ शकते. त्यात एका हाताची नाडी मंद होते, दोन हातांच्या रक्तदाबात फरक पडतो, अरुंद जागी रक्त खळाळल्याचा आवाज येतो, ईएसआर बहुधा वाढतो, वजन उतरतं. आणि त्यात भिंत सगळ्या बाजूंनी, लांबपर्यंत जाड होते. माझ्यासारखी एका अंगाने आणि तेवढ्याच जागी नव्हे. जायंट सेल आर्टेरायटिस हा मोठ्या आणि कानशिलावरच्या धमन्यांचा दाह पन्नाशीनंतरचा आजार, माझं वय त्याच्या अलीकडचं. तरी कानशिलावरच्या धमन्या त्यांनी बोटांनी चाचपल्या, घास चावताना जबडा दमतो का, केस विंचरताना टाळू दुखते का, नजर क्षणभर गेली होती का, हे विचारलं. तो आजार असेल आणि औषधाला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून हे प्रश्न ते कुणालाच सोडत नाहीत. तोंडातले फोड, डोळ्यांची लाली, सांधे, पुरळ, सगळं विचारून झालं.

मी त्यांना विचारलं की दाह आहे तर तुकडा घेऊन खात्री का नाही करायची. "कॅरोटिडचा तुकडा? आपोआप बऱ्या होणाऱ्या आजारासाठी?" त्यांनी मान हलवली. अगदी मोजक्या रुग्णांमध्ये तसा तुकडा तपासला गेला आहे आणि त्यात सौम्य, कोणत्याही एका आजाराकडे बोट न दाखवणारा दाह दिसला होता. कारण कुणालाही ठाऊक नाही. "निदान मी आज लिहितो आहे," ते म्हणाले, "पण त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवतो आहे. ते तुम्ही बऱ्या झालात आणि चित्र सुधारलं की काढू."

दाहशामक गोळ्या जठराचं औषध जोडून दिल्या. त्या सुरू झाल्यावर ठणका आधी नाडीपासून सुटला, म्हणजे दुखायचं पण ठोक्याठोक्याला नाही. मग गिळणं सोपं झालं. त्यानंतर दाबल्याशिवाय दुखेना. आठवडाभरात मी वर्गात सलग तास घेऊ शकले. स्टेरॉइडची गरज पडली नाही. काहींना थोड्या दिवसांसाठी ते द्यावं लागतं.

काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी, त्याच रेडिओलॉजिस्टकडे, त्याच पातळीला. काळसर पट्टा जवळजवळ गेला होता, भिंतीची रेघ एका जागी किंचित जाड राहिली आहे. असं राहू शकतं, असं त्या म्हणाल्या. संधिवाततज्ज्ञांनी कागदावरचं प्रश्नचिन्ह खोडलं. दोन्ही हातांचा रक्तदाब त्यांनी त्या दिवशीही घेतला.

हा आजार काही जणांना पुन्हा होतो, त्याच बाजूला किंवा दुसऱ्या. त्यासाठी माझ्या पर्समध्ये त्यांनी दिलेलं एका पानाचं पत्र असतं. त्यावर निदान, बाजू, पातळी, आधीच्या चित्रांच्या तारखा आहेत. पुन्हा दुखलं तर ते जुनंच आहे असं धरून चालायचं नाही, हे त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं आहे: डिसेक्शन पुन्हा नव्याने वगळायचं, दुखत असतानाच सोनोग्राफी आणि डाय देऊन एमआरआय, प्रोब रुग्ण दाखवेल त्या जागी. पापणी, बाहुली, बोलणं, हातापायाची ताकद, नजर, हुडहुडीचा ताप, यांपैकी काही असेल तर तपासणीची तारीख न घेता थेट इमर्जन्सी. त्या पत्राची एक प्रत नवऱ्याकडे आहे आणि एक फॅमिली डॉक्टरांच्या फाइलमध्ये.